जाहिरातीचें फळ आणि मोजणीची मुदत

कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणीं ताडाचें फळ खालीं पडलें, तेवढ्यावरून फळ कावळ्यानें पाडलें असें कोणी म्हणूं लागला, तर त्याची गणना शहाण्यांत होणार नाहीं. आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं अशा योगायोगाला ‘काकतालीय न्याय’ असें नांव देऊन ठेवलें आहे. आणि घरोघर तीच गोष्ट ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली’ अशा शब्दांत सांगितली जाते. व्यापारांत मात्र हा योगायोग ओळखणें तितकेंसें सोपें नसतें. दुकानदार जाहिरात देतो. कांहीं दिवसांनीं गिऱ्हाईक येतें. आणि तें जाहिरातीनें आणलें कीं मुळांत येणारच होतें, हा प्रश्न उभा राहतो. हल्लीं या प्रश्नाचें उत्तर यंत्र देतें, आणि तें देतांना यंत्र दिवसांच्या एका मुदतीवर विसंबून असतें. इंग्रजी परिभाषेंत तिला ‘कन्व्हर्शन विंडो’ म्हणतात. ही मुदत म्हणजे काय, ती कशी ठरवावी, आणि ती बदलली असतां काय बदलतें व काय बदलत नाहीं, याचा विचार येथें करावयाचा आहे.

विषय प्रथमदर्शनीं मोठ्या कारखानदारांचा वाटेल. तशी स्थिति आतां राहिलेली नाहीं. दिवाळीचा फराळ घरीं करून विकणाऱ्या गृहिणी, शिकवण्या घेणारे शिक्षक, साड्यांचे व पुस्तकांचे छोटे व्यापारी, हे सर्व आज गूगलवर किंवा फेसबुकवर जाहिरात देतात. वर्षाकाठीं त्यांत जाणारी रक्कम कंपनीच्या दृष्टीनें क्षुल्लक असली, तरी घरच्या शिलकेच्या दृष्टीनें ती क्षुल्लक नसते. तेव्हां महिनाअखेर पडद्यावर दिसणाऱ्या आंकड्यांचा अर्थ नीट लावतां येणें, ही आतां पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांची गरज झाली आहे.

जाहिरातीचें फळ मोजण्याची खटपट इंटरनेटच्या पुष्कळ आधीची आहे. अमेरिकेंतील क्लॉड हॉपकिन्स हा जाहिरातलेखक या खटपटीचा मोठा पुरस्कर्ता. त्याचें ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हें पुस्तक सन १९२३ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याची रीत अगदीं साधी होती. वर्तमानपत्रांतील जाहिरातींतच एक कूपन छापावयाचें व प्रत्येक पत्राच्या कूपनावर वेगळी खूण ठेवावयाची. वाचकानें तें कापून टपालानें पाठविलें, कीं तें कोणत्या पत्रांतून व कोणत्या मजकुरावरून आलें हें खुणेवरून कळे. या पद्धतींत मुदतीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. कारण कूपन दोन दिवसांनीं येवो वा दोन महिन्यांनीं, आपल्या जन्माची साक्ष तें बरोबरच घेऊन येई.

इंटरनेटवर कूपनाचें हें काम एक अदृश्य चिठ्ठी करूं लागली. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं हॉटवायर्ड या अमेरिकन संकेतस्थळावर ए. टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीची पट्टीच्या आकाराची जाहिरात झळकली. या माध्यमांतील अगदीं आरंभींच्या जाहिरातींत तिची गणना होते. त्याच वर्षीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं ‘कुकी’ची योजना केली. पाहुणा पुन्हां आला असतां संकेतस्थळाला तो ओळखतां यावा, यासाठीं त्याच्याच संगणकांत ठेवलेली छोटीशी खूणचिठ्ठी म्हणजे कुकी. पुढें जाहिरातदारांनीं तिचा उपयोग आपल्या हिशेबासाठीं केला. एखाद्यानें जाहिरातीवर बोट ठेवलें, म्हणजेच क्लिक केलें, कीं त्या क्लिकची खूण व वेळ नोंदली जाते. तोच मनुष्य पुढें कधीं खरेदी पुरी करून आभाराच्या पानावर पोंचला, कीं तें पान जाहिरातकंपनीला वर्दी देतें. या इष्ट कृतीला ‘कन्व्हर्शन’ म्हणतात. खरेदी, चौकशीचा अर्ज, दूरध्वनि, ज्याला जें हवें तें त्याचें कन्व्हर्शन.

वर्दी आली कीं यंत्र मागें वळून पाहतें: या मनुष्यानें शेवटीं क्लिक केलें त्याला किती दिवस झाले? ते ठरलेल्या मुदतीच्या आंत असतील, तर खरेदीचें श्रेय जाहिरातीला मिळतें. मुदत टळून गेली असेल, तर मिळत नाहीं. एकतिसाव्या दिवशीं आलेलें गिऱ्हाईक हें विसाव्या दिवशीं आलेल्या गिऱ्हाइकाइतकेंच खरें असतें. पण तीस दिवसांच्या मुदतींत पहिलें मोजलें जात नाहीं आणि दुसरें मोजलें जातें. मुदत ही निसर्गानें घालून दिलेली मर्यादा नव्हे. ती माणसानें सोयीसाठीं मारलेली रेघ आहे.

ही रेघ सगळीकडे एकाच ठिकाणीं मारलेली नसते, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. गूगलच्या जाहिरातींत क्लिकनंतरची मुदत, जाहिरातदारानें कांहीं न सांगितल्यास, तीस दिवसांची धरली जाते. संकेतस्थळावरील खरेदीसाठीं ती एक दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंत ठेवतां येते. जाहिरात नुसती दिसली, क्लिक केलें नाहीं, आणि पुढें खरेदी झाली, तर त्यासाठीं वेगळी मुदत असते. ती मुळांत एक दिवसाची असून तीस दिवसांपर्यंत वाढवितां येते. हा दुसऱ्या प्रकारचा आंकडा गूगल निराळ्या रकान्यांत दाखवितें. फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीचा सर्वसाधारण प्रघात क्लिकनंतर सात दिवस आणि नुसत्या दर्शनानंतर एक दिवस असा आहे. पूर्वीं तेथें क्लिकनंतर अठ्ठावीस दिवस मोजले जात. जानेवारी २०२१ मध्यें ती मुदत काढून सात दिवसांची केली गेली. त्या वेळीं ज्या दुकानदारांचे आंकडे एकाएकीं उतरले, त्यांचा माल रातोरात वाईट झाला नव्हता. गज बदलला होता.

मुदत बदलल्यानें हिशेब कसा पालटतो, तें एका काल्पनिक उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, पुण्यांतील एका साडीविक्रेत्यानें एका महिन्यांत जाहिरातीवर १०,००० रुपये खर्च केले. क्लिकनंतर सात दिवसांच्या आंत २० साड्या खपल्या, तीस दिवसांच्या आंत एकूण ३२, आणि नव्वद दिवसांच्या आंत एकूण ४०. मुदत सात दिवसांची ठेवली तर एका विक्रीमागें जाहिरातीचा खर्च ५०० रुपये पडतो. तीस दिवसांची ठेवली तर ३१२ रुपये ५० पैसे. आणि नव्वद दिवसांची ठेवली तर २५० रुपये. एका साडीवर त्याला जाहिरातखर्च वजा करण्यापूर्वीं ४०० रुपये सुटत असतील, तर पहिल्या हिशेबानें तो बुडतो आहे आणि दुसऱ्या व तिसऱ्या हिशेबानें तो कमावतो आहे. साड्या त्याच, गिऱ्हाइकें तींच, गल्ल्यांतील रक्कमहि तीच. जाहिरातीचें काम पाहणाऱ्या हस्तकानें मुदत वाढवून सुधारलेला आंकडा मालकापुढें ठेवला, तर तो आंकडा खोटा म्हणतां येणार नाहीं. पण धंदा सुधारला असेंहि त्यावरून म्हणतां येणार नाहीं. म्हणून कोणीहि असा आंकडा दाखविला, कीं पहिला प्रश्न विचारावा तो हा: किती दिवसांच्या मुदतीनें?

मग योग्य मुदत कोणती? तिचें उत्तर गिऱ्हाइकाच्या स्वभावांत शोधावें लागतें. हापूसची पेटी मागविणारा मनुष्य फार काळ विचार करीत नाहीं. मोसम थोडा, फळ नाशवंत, आणि शेजाऱ्याच्या घरीं पेटी आलेली. त्याला सात दिवस पुष्कळ झाले. एप्रिलांत क्लिक करून पेटी नेणारानें मे महिन्यांत दुसरी मागविली, तर ती जाहिरातीमुळें कीं पहिल्या पेटींतील आंबा गोड निघाला म्हणून? लग्नासाठीं पैठणी पाहणारी मुलगी मात्र प्रथम पडद्यावर पाहते, मग आईला दाखविते, मावशीचा सल्ला घेते, दोन दुकानें हिंडते आणि तिसऱ्या आठवड्यांत निश्चय करते. येथें तीस दिवस किंवा त्याहूनहि अधिक धरणें न्याय्य होईल. घर घेणाऱ्याचा निर्णय कित्येक महिने चालतो; तेथें नव्वद दिवसहि अपुरे. अशा धंद्यांत अंतिम खरेदी मोजण्याचा हट्ट सोडून त्याआधींची पायरी, जागा पाहण्यास येण्याची वेळ ठरविणें किंवा माहितीसाठीं दूरध्वनि करणें, हीच कन्व्हर्शन म्हणून मोजावी हें इष्ट.

अंदाजापेक्षां अधिक खात्रीचा मार्गहि आहे. क्लिकपासून खरेदीपर्यंत किती दिवस लागले याचा तपशील गूगलच्या जाहिरात-खात्यांत पाहावयास मिळतो. आरंभीं मुदत मोठी ठेवून दोन-तीन महिने हा तपशील जमूं द्यावा. शंभरांतील पंच्याण्णव खरेद्या पहिल्या बारा दिवसांत होत असल्याचें दिसलें, तर चौदा दिवसांची मुदत पुरेशी समजावी. पुढील शेपटासाठीं योगायोगाला दार उघडें ठेवण्याचें कारण नाहीं. मुदत बदलण्याची कृति अवघड नाहीं. खात्यांतील उद्दिष्टांच्या विभागांत कन्व्हर्शनांची यादी असते. त्यांतील हवें तें निवडून त्याच्या मांडणींत क्लिकनंतरच्या मुदतीचा आंकडा बदलून ठेवावयाचा असतो. प्रत्येक प्रकारच्या कन्व्हर्शनला वेगळी मुदत देतां येते.

बदल करणारानें दोन गोष्टी मात्र विसरूं नयेत. पहिली अशी कीं, हा बदल पुढील काळापुरताच लागू होतो. मागील नोंदी जुन्याच मापानें राहतात. १ एप्रिल १९५७ रोजीं आपल्या देशांत दशमान नाणीं आलीं, तेव्हां ६४ पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. मार्चमधील पैसे व एप्रिलमधील नवे पैसे ज्यानें सरळ एकमेकांशीं ताडून पाहिले असते, त्याला चार आण्यांची वस्तु १६ ची २५ झालेली दिसली असती. आणि महागाईची ओरड त्यानें विनाकारण केली असती. मुदत बदलल्या महिन्याचे आंकडे मागील महिन्याशीं ताडून पाहणाराची हीच गत होते. म्हणून बदलाची तारीख वहींत टिपून ठेवावी आणि तिच्या अलीकडच्या व पलीकडच्या आंकड्यांची तुलना करूं नये.

दुसरी गोष्ट नोंदीच्या तारखेची. गूगलच्या नेहमींच्या रकान्यांत कन्व्हर्शन हें खरेदीच्या दिवशीं न मांडतां ज्या दिवशीं क्लिक झालें त्या दिवसावर मांडलें जातें. जणूं काढणीचें पीक पेरणीच्या तारखेवर लिहावें. यामुळें अगदीं अलीकडचे दिवस नेहमींच रोडावलेले दिसतात. त्यांचें पीक अजून शेतांत उभें असतें. पांचव्या दिवशींचा आंकडा पाहून घाबरून जाहिरात बंद करणारा मनुष्य कणीस भरण्यापूर्वींच शेत मोडतो. ज्या धंद्यांत गिऱ्हाइकाला निर्णयास पंधरा दिवस लागतात, तेथें शेवटचे पंधरा दिवस वगळूनच त्यापूर्वींच्या काळाचा विचार करावा. हल्लीं कोणत्या जाहिरातीसाठीं किती पैसे मोजावे याची बोलीहि पुष्कळदां यंत्रच लावतें, आणि तें याच नोंदींवरून शिकतें. अयोग्य मुदत ठेवली, तर चूक केवळ अहवालांत राहत नाहीं. ती पुढील खर्चांत उतरते.

येथें आणखी एक अडचण आहे. मुदत कागदावर नव्वद दिवसांची लिहिली, तरी खूणचिठ्ठी तितके दिवस जगेलच असें नाहीं. ॲपल कंपनीच्या सफारी ब्राउझरनें सन २०१७ पासून अशा चिठ्ठ्यांवर बंधनें घालण्यास आरंभ केला. सन २०१९ मध्यें संकेतस्थळावरील स्क्रिप्टनें ठेवलेल्या चिठ्ठीचें आयुष्य सात दिवसांवर आलें. मार्च २०२० मध्यें परक्या संकेतस्थळांच्या चिठ्ठ्या सरसकट अडविल्या गेल्या. एप्रिल २०२१ पासून आयफोनवरील ॲपना, मालकाच्या परवानगीवांचून इतरत्र त्याचा माग काढण्यास ॲपलनें मनाई केली. माणसाच्या खाजगी आयुष्यावर सतत पाळत असूं नये, हा यामागचा हेतु कोणालाहि पटेल असाच आहे. त्याचा परिणाम असा कीं, पुष्कळ खरेद्यांचा धागा मध्येंच तुटतो, आणि जाहिरातकंपन्या उरलेल्या माहितीवरून अंदाज बांधून ती उणीव भरून काढतात. पडद्यावरील आंकड्यांत प्रत्यक्ष मोजलेलें किती आणि अंदाजलेलें किती, हें सामान्य दुकानदाराला कळणें कठीण. उलट, जाहिरात पाहून प्रत्यक्ष दुकानांत येऊन रोखीनें खरेदी करणारा यंत्राच्या नजरेंतून बहुधा सुटतोच. तेव्हां यंत्र नेहमीं अधिकच मोजतें असेंहि नाहीं.

मुदती लांब ठेवण्याचा आणखी एक परिणाम असा कीं, एकाच विक्रीवर अनेकजण हक्क सांगूं लागतात. बोर्डाच्या परीक्षेंत वरचा क्रमांक मिळविलेला विद्यार्थी शाळा आपला म्हणते, शिकवणीचा वर्ग आपला म्हणतो, आणि मार्गदर्शक पुस्तकाचा प्रकाशकहि त्याचें छायाचित्र छापतो. तिघांच्या यशस्वी विद्यार्थ्यांची बेरीज केली, तर ती परीक्षेस बसलेल्यांहून अधिक भरावयाची. गूगल आणि मेटा यांचे अहवाल शेजारीं शेजारीं ठेवले कीं असेंच होतें. गिऱ्हाइकानें सोमवारीं एकीकडे व गुरुवारीं दुसरीकडे क्लिक करून शनिवारीं एक साडी घेतली. दोघांच्या वहींत एकएक साडी चढली, दुकानांतून मात्र एकच गेली. अशा वेळीं दोन्ही अहवालांची बेरीज न करतां दुकानाच्या रोजकीर्दीवरच विश्वास ठेवणें शहाणपणाचें.

इतकें सगळें सांभाळलें, तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. मुदतीच्या आंत खरेदी झाली एवढ्यावरून ती जाहिरातीमुळें झाली असें ठरतें काय? याचें सुंदर उत्तर एका प्रयोगानें मिळालें आहे. ईबे ही अमेरिकेंतील इंटरनेटवरील मोठी बाजारपेठ. सन २०१२ मध्यें तिनें याहू व मायक्रोसॉफ्ट यांच्या शोधयंत्रांवर, ‘ईबे’ हा शब्द शोधणाऱ्यांना दाखविल्या जाणाऱ्या आपल्या जाहिराती बंद केल्या. त्या जाहिरातींवर रोज असंख्य क्लिक होत आणि पुढें खरेद्याहि होत. कोणत्याहि मुदतीच्या हिशेबानें त्या किफायतशीर दिसत. बंद केल्यावर काय झालें? जाहिरातींतून येणाऱ्यांपैकीं जवळ जवळ सर्व, म्हणजे शेंकडा ९९.५, लोक खालच्या फुकट दुव्यावरून ईबेवर आलेच. ज्याला तिकडे जावयाचेंच होतें, त्याला दारांत अडवून टोल घेतल्यासारखा तो प्रकार होता, आणि टोल भरत होती खुद्द ईबे. इतर शब्दांच्या जाहिरातींसाठीं त्यांनीं अमेरिकेच्या निवडक भागांत जाहिरात थांबवून इतर भागांशीं तुलना केली. नव्या व क्वचित् येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला. परंतु बहुतेक खर्च नेहमीं येणाऱ्यांवरच होत होता, आणि ते तर जाहिरातीवांचूनहि येत होते. थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को व स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनीं लिहिलेला हा वृत्तान्त सन २०१५ मध्यें ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

यावरून जाहिरात व्यर्थ असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. ईबेचें नांव अमेरिकेंत सर्वतोमुखीं होतें. ज्या दुकानाचें नांव कोणी ऐकलेलें नाहीं, त्याची गोष्ट निराळी. परंतु प्रयोगाची रीत लहान दुकानदारालाहि अनुसरतां येईल. वरील साडीविक्रेत्याचेंच उदाहरण पुढें नेऊं. पुणें व नाशिक येथें त्याच्या साड्या एरवीं सारख्याच खपतात असें धरलें. त्यानें जाहिरातीचे १०,००० रुपये फक्त पुण्यांत खर्चिले व नाशकांत जाहिरात दिलीच नाहीं. काळ संपल्यावर पुण्यांत १०० साड्या खपल्या आणि नाशकांत ८५. यंत्र आपल्या मुदतीप्रमाणें २०, ३२ किंवा ४० साड्यांचें श्रेय मागेल. दोन गांवांतील फरक मात्र १५ च साड्यांचा आहे. त्या हिशेबानें एका अधिक विक्रीमागें सुमारें ६६७ रुपये पडले, आणि ४०० रुपयांच्या नफ्यांत तें परवडणारें नाहीं. एकदांच केलेल्या अशा तुलनेवर अर्थातच भिस्त ठेवूं नये. आंकडे लहान असले कीं योगायोगाचा वाटा मोठा असतो. म्हणून गांवांची अदलाबदल करून, सणवार टाळून, प्रयोग दोन-तीनदां करावा.

तात्पर्य, मुदतीचा उपयोग आहे, पण तो मर्यादित आहे. एकच मुदत कायम ठेवली, तर दोन जाहिरातींपैकीं अधिक चांगली कोणती, या महिन्यांत मागल्यापेक्षां कांहीं फरक पडला कीं काय, हें तिच्या साहाय्यानें पाहतां येतें. मुदत गिऱ्हाइकाच्या विचाराला लागणाऱ्या काळावरून ठरवावी. आंकडा गोंडस दिसावा म्हणून ती ताणूं नये. बदलल्यास तारीख लिहून ठेवावी आणि नवें पीक पिकेपर्यंत धीर धरावा. जाहिरातीनें खरोखर काय आणलें हें जाणून घ्यावयाचें असेल, तर वर्षांतून एकदां तरी ती कोठेंतरी बंद करून पाहण्याचें धैर्य दाखवावें. हें धैर्य जाहिरात विकणारा शिकविणार नाहीं; जाहिरातीसाठीं ज्याच्या घरची शिल्लक खर्ची पडते, त्यानेंच तें दाखविलें पाहिजे.